श्वास घेणारा घाट

"कावेरी, तुझा घाट श्वास घेतोय."

नफिसा मॅडम माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलंच नव्हतं. बाहेर भर दुपार होती, पण आमच्या खोलीला दुपार ठाऊक नव्हती. खिडक्यांना काळे पडदे, दिवे मालवलेले आणि प्रत्येकाच्या तोंडावर आपापल्या मॉनिटरचा उजेड. माझ्या तोंडावर नदीचा होता.

"श्वास?" मी विचारलं.

"बघ की नीट. हे शंकू बघ."

माझ्यासमोर एका ऐतिहासिक सिनेमातला शॉट होता. कॅमेरा होडीत ठेवून घेतलेला. होडी पाण्यावरून सरकते, समोरून नदीचा घाट जातो, पायऱ्यांवर माणसांची ये-जा चाललेली. त्या पायऱ्यांवर मी काळ्यापांढऱ्या चौकटींचे खोटे शंकू उभे केले होते. कॅमेऱ्याची चाल बरोबर सापडली असेल तर असे शंकू दगडाला चिकटून राहतात, जणू शूटिंगच्या दिवशीच कुणी ते तिथं आणून ठेवलेत. माझे चिकटले नव्हते. हळूच वर येत होते, हळूच खाली बसत होते. झोपलेल्या माणसाच्या पोटावर ठेवल्यासारखे.

शेजारून भूषण टेकाळेनं मान लांब केली. "मॅडम, घाटाला दमा झालाय. पंप द्या त्याला."

"तू गप बस. तुझा रथ रस्ता सोडून शेतात चाललाय, त्याला आधी वळव." मॅडम माझ्याकडे वळल्या. "कुठला तरी पॉइंट खोटं बोलतोय. शोध. उद्या दुपारी हा शॉट पुढं जाणार आणि तुला ठेवायचं की नाही ते मी सरांना ह्याच्यावरूनच सांगणार. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. दुसरं काही मनात येतच नव्हतं तेव्हा.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पुण्यात नवीन होते. फरशीच्या एका दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर सरांचा छोटा स्टुडिओ होता आणि तिथं मी मॅचमूव्ह शिकत होते. शूटिंग झालेल्या चित्रावरून त्या दिवशी कॅमेरा कुठून कुठं गेला, किती झुकला, किती वळला हे उलटं शोधून काढायचं, असं ते काम. चित्रातल्या जागांवर पॉइंट, म्हणजे हिरव्या फुलांसारख्या खुणा, लावायच्या आणि त्यांच्या सरकण्यावरून संगणक कॅमेऱ्याच्या चालीचं गणित मांडतो. ते सापडलं की मग पुढची माणसं त्या चित्रात किल्ले बांधतात, हत्ती उभे करतात. आमचं काम कुणाला दिसत नाही. चुकलं तरच दिसतं.

नफिसा अत्तार मिरजेच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं होतं, "माउसला हात लावायचा नाही. आधी शॉट नुसता बघायचा. आणि दिसेल त्या प्रत्येकाला विचारायचं, तू इथंच राहणार आहेस का? जो राहणार त्याच्यावर पॉइंट. पाणी राहणार नाही, झाड राहणार नाही, सावलीसुद्धा नाही. माणूस तर नाहीच नाही."

"मग राहतं काय मॅडम?" भूषणनं विचारलं होतं. तो परभणीचा. गप्प बसणं त्याला जमत नसे.

"दगड," मॅडम म्हणाल्या होत्या. "दगड, खांब, भिंतीचा पोपडा. आणि जे स्वतः हलतं, घोडा म्हण, होडी म्हण, त्याला वेगळं ऑब्जेक्ट म्हणून बांधायचं. त्याचं हलणं त्याच्यापाशी. ते कॅमेऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही."

मी देवळ्याजवळच्या एका गावातली. आई आदल्या वर्षी गेली. तेराव्यानंतर तिची खाट माळ्यावर गेली, तिच्या कोपऱ्यात कांद्याच्या रिकाम्या गोण्या आल्या आणि घर पुन्हा सुरू झालं. त्यात कुणाची चूक नव्हती. दादा फोनवर म्हणायचा, "नाही जमलं तर ये गं परत. वहिनीला तेवढीच मदत." तो मायेनंच म्हणायचा. पण फोन ठेवला की मला त्या गोण्या दिसायच्या. परत जायचं म्हणजे नेमकं कुठं जायचं, हे मला सांगता आलं नसतं.

पुण्यात मी कॉट बेसिसवर राहत होते. खोलीतल्या दुसऱ्या दोघी रात्रपाळीला जायच्या आणि दिवसा तोंडावर ओढणी घेऊन झोपायच्या. रविवारी मी पाऊल न वाजवता वावरायची. कधीकधी संध्याकाळी दूध आणायला गेले की दुकानदाराशी बोलताना घसा बसलेला जाणवायचा. सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा.

आणि मग हा शॉट आला, आणि त्यात ती बाई होती.

घाटाच्या मधल्या पायरीवर ती बसली होती. हिरवं ठिपक्यांचं लुगडं, डोक्यावर पदर, पुढ्यात फुलांची टोपली. माणसं तिच्या डावीउजवीकडून जात होती. शिपाई, भिक्षेकरी, पाण्याला आलेल्या बायका. ती कुणाकडे बघत नव्हती. तिला कुणी बघत नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या शॉटला आवाज नसतो, त्यामुळे ती सगळी ये-जा मुकी, आणि त्या मुक्या गर्दीत ती बसलेली. शॉट संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी सकाळी येऊन मॉनिटर लावायची तेव्हा ती असायची. जाताना बंद करायची तेव्हाही असायची.

आई काम करता करता ओव्या जुळवायची. धुणं असो, निवडणं असो, तोंडाला चाळा. मला ती सवय नव्हती. पण एका दुपारी माझ्या तोंडून आपोआप निघालं,

*घाटाच्या पायरीला बसली कोण बाई,*
*येणाऱ्या जाणाऱ्याला तिची ओळख नाही.*

"काय पुटपुटायलीस?" भूषणनं हेडफोन काढून विचारलं.

"काही नाही. पॉइंट मोजतेय."

"सुरात?"

तो हसला आणि पुन्हा आपल्या रथात शिरला.

तर त्या दुपारी, मॅडम गेल्यावर, मी खोटं बोलणारा पॉइंट शोधायला बसले. एकेक संशयित काढत गेले. देवळाच्या कळसावरचा पॉइंट काढला, तिथं निशाण फडकत होतं. वडाच्या पारंबीवरचा काढला. पाण्याच्या कडेचा काढला. दर वेळी गणित पुन्हा चालवायचं, शंकू उभे करायचे, श्वास रोखून बघायचं. शंकू वर, शंकू खाली. संथ, एका लयीत.

"अजून दमा?" भूषण खुर्ची सरकवत आला. चिवड्याची पुडी त्यानं माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली. "ह्या म्हातारीवर एवढे पॉइंट कशाला लावलेस? पदरावर, टोपलीवर, खांद्यावर. सगळी हिरवी फुलं फुलवलीस तिच्या अंगावर."

"मधल्या अंतरावर दुसरं काही नाहीये. पायऱ्या गुळगुळीत आहेत, पॉइंट धरतच नाहीत. ती एकटीच स्पष्ट आहे."

"पण माणूस आहे ना."

"ती हलत नाही."

"अजिबात?"

"अजिबात. मी इतके दिवस बघतेय."

भूषणनं मॉनिटरला नाक लावलं. "मग जिवंत आहे का बघ आधी."

मला इतका राग आला की माझं मलाच आश्चर्य वाटलं. "तुझ्या जागेवर जा, भूषण."

"अगं, मी गमतीनं..."

"जा म्हटलं ना."

तो गेला. चिवड्याची पुडी तिथंच राहिली. संध्याकाळपर्यंत मी तिच्यावरचा एकही पॉइंट हलवला नाही. बाकी सगळा घाट उसवून पुन्हा शिवला. कळस बदलला, खांब बदलले, पार बदलला. घाट श्वास घेतच राहिला.

पाचच्या सुमाराला नफिसा मॅडम आल्या. भूषणही मागून आला, जरा लांबच उभा राहिला.

"चालव," मॅडम म्हणाल्या.

मी चालवला. त्यांनी शॉट शेवटपर्यंत बघितला. मग खाली टाइमलाइनकडे बोट दाखवलं. "एवढाच? हँडल कुठंय?"

प्रत्येक शॉटच्या पुढंमागं थोडा जादा भाग येतो, त्याला हँडल म्हणतात. सिनेमात तो दिसत नाही, संकलक कापून टाकतो. मी पहिल्या दिवशीच तो बाजूला सारला होता आणि मधला कामाचा तुकडा तेवढा फिरवत बसले होते.

"ते तर कापलंच जाणार ना, मॅडम."

"कापायचं ते एडिटर बघेल. आपल्याकडे आलं तेवढं सगळं आपण बांधायचं. ह्या वेळचं हँडल मोठं आहे, होडी पुढं जाईपर्यंत कॅमेरा चालूच ठेवलाय त्यांनी. उघड शेवटपर्यंत."

मी टाइमलाइन ओढून मोकळी केली आणि शॉट चालवला.

नेहमीचा शेवट आला. मी इतके दिवस जिथं थांबत होते ती जागा. ती जागा मागं पडली आणि घाट पुढं सुरूच राहिला. मग शिपाई मध्येच थांबला. त्यानं पागोटं काढून डोकं खाजवलं. पाण्याला आलेल्या बायकांनी घागरी काखेतून खाली ठेवल्या. कुणीतरी कुठूनतरी ओरडून सांगितलं असणार, झालं म्हणून. आवाज नव्हता, पण अख्ख्या घाटावर ते पसरताना दिसलं.

आणि माझी बाई हलली.

तिनं मान वळवली. चौकटीबाहेर कुणाला तरी ती काहीतरी म्हणाली आणि हसली. मोकळं, तोंडभर. पुढचा एक दात नव्हता तिला. मग दोन्ही हातांनी टोपली उचलून तिनं बाजूला ठेवली, स्वतः थोडी सरकली. चौकटीच्या कडेतून एक बांगड्यांनी भरलेला हात आला, हातात चहाचा कागदी कप. त्या हातामागून दुसरी बाई आली, तशाच लुगड्यातली, आणि तिला खेटून बसली. पहिलीनं कप घेतला, एक घोट घेतला आणि न बघताच दुसरीच्या हातात दिला. रोजचं असल्यासारखं.

मी लावलेले सगळे पॉइंट तिच्या अंगावर होते. गणितानं तिच्यावर भरवसा ठेवला होता. ती सरकली तसं गणिताला वाटलं, कॅमेराच कलला. शंकू आडवे झाले, पायऱ्यांवरून घसरत गेले आणि एकामागून एक नदीत.

"आई शप्पथ!" भूषण हसत सुटला. "अख्खा घाट वाहून गेला!"

मी हसले नाही. मी हललेसुद्धा नाही बहुतेक, कारण भूषणचं हसू मध्येच थांबलं.

"भूषण," मॅडम म्हणाल्या, "जरा खाली जाऊन ये."

"कशाला?"

"असंच. जा की रे."

तो गेला. दार लागल्यावर खोलीत पंख्यांची घरघर तेवढी उरली. मॅडमनी भूषणची खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसल्या. शॉट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. बाई पुन्हा एकटी, पुन्हा गप्प.

"कोण आहे ही तुझी?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"आईसारखी दिसते?"

"नाही." मी खरंच सांगत होते. "आई अशी कधी बसलीच नाही. सारखी काहीतरी करत असायची. हात, तोंड, काहीतरी चालूच." मग मी म्हणाले, "मी तिला शांत एकदाच बघितलं."

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तेव्हा मी पदराकडे बघत होते तिच्या. सगळे म्हणत होते, आता उठ, तयारी करायचीय. पण मला वाटत होतं, पदर हलेल. थोडासा. इथं, खांद्यापाशी. म्हणून मी बसून राहिले होते. तो हललाच नाही."

मी मॉनिटरवर बोट ठेवलं. हिरव्या लुगड्याचा पदर, खांद्यावरून छातीकडे उतरणारी ठिपक्यांची रांग, त्यावर माझी हिरवी फुलं. शॉट अगदी हळू करून मी तो मोठा केला. इतक्या जवळून दिसतं. ठिपके वर येत होते. ठिपके खाली जात होते.

माझे डोळे रोज तिथंच जात होते. इतके दिवस मी तेच बघत होते आणि स्वतःला सांगत होते, ती हलत नाही. घाटावरचं दुसरं सगळं मी सोडून दिलं होतं आणि एवढं एक धरून ठेवलं होतं. बसलेली, शांत, आणि श्वास घेणारी.

"ही घेत होती, मॅडम," मी म्हणाले. पुढं बोलता आलं नाही. वर्षभर आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत, कुणाच्या तरी नदीसमोर बसून मी लहान पोरीसारखी रडले. मॅडमनी मला थोपटलं नाही. त्यांनी फक्त शॉट थांबवला, आणि माझं होईपर्यंत बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "मी मिरजेहून आले ना, तेव्हा कितीतरी महिने एका घोड्याशी बोलत होते."

मी नाक पुसत त्यांच्याकडे बघितलं.

"खरंच. सिमेंटच्या जाहिरातीतला होता. पांढरा. रोज सकाळी त्याला सलाम करायची. अम्मीचं काय चाललंय, भाड्याचं काय झालं, सगळं त्याला सांगायची. फार समजूतदार होता. मध्येच कान हलवायचा."

मला हसू आलं आणि रडूही राहिलंच होतं, दोन्ही एकदम झालं.

"पण मी त्याला वेगळा बांधला होता," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "ऑब्जेक्ट म्हणून. तू हिला घाटच करून टाकलंस, बाई. तिच्या श्वासावर अख्खी नदी डोलायला लागली. तिनं किती वेळ धरायचं सगळं?" दारापाशी त्या थांबल्या. "उद्या दुपारी. मी सरांना काय सांगायचं ते तुझ्याच हातात आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. मॉनिटर लावला. बाई होती. मी माउस बाजूला ठेवला आणि शॉट नुसता बघितला, पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसा, हँडलच्या शेवटापर्यंत. तिनं चहाचा कप दुसरीच्या हातात दिला तिथपर्यंत.

मग तिच्यावरचे पॉइंट काढायला सुरुवात केली. टोपलीवरचे आधी. मग गुडघ्यावरचा. मग डोक्यावरच्या पदराचा. खांद्यापाशी आले तेव्हा हात थांबला. ठिपके वर आले, ठिपके खाली गेले. मी तो काढला.

घाट कोसळला. कोसळणारच होता. लांब कळस आणि खांब, पण मध्ये काहीच नाही. गणिताला अंतर कळेना. शंकू कुठं हवेत, कुठं पाण्याखाली. मधल्या पायऱ्यांवर धरण्यासारखं काहीतरी हवं होतं, आणि त्या पायऱ्या तर मी गुळगुळीत म्हणून कधीच्या सोडून दिल्या होत्या.

आता त्यांच्याकडे बघितलं. बाईच्या पायाशी पायरीचा कोपरा फुटलेला होता, टवका उडालेला. तो मी एकदाही बघितला नव्हता. तिच्या डावीकडं होडी बांधायची लोखंडी कडी होती, गंजानं दगडावर तांबडा ओघळ उतरलेला. वरच्या पायरीवर चुन्याचा शिंतोडा. मशीनला ते धरता येईना, मध्येच माणसांचे पाय आडवे यायचे. मग मी ते हातानं धरले. एकेक चित्र थांबवायचं, टवक्याच्या टोकावर पॉइंट आणायचा, पुढचं चित्र. पाय आले की थांबायचं, पाय गेले की पुन्हा शोधायचा. तो तिथंच असायचा. दर वेळी. कुणी तुडवून गेलं तरी तिथंच.

भूषण आला. मॅडमनी त्याला काहीतरी सांगितलं असावं; आज थट्टा न करता तो जागेवर बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "कालचं... मला माहीत नव्हतं गं."

"मलाही नव्हतं," मी म्हणाले. "तो ओघळ दिसतोय का बघ तुला, कडीखालचा. मला आता नुसतं तांबडंच दिसायला लागलंय."

तो वाकला. "उजवीकडं घे. अजून. थांब. हां, तिथं."

दुपारच्या आत नफिसा मॅडम आल्या. मी शॉट चालवला. शंकू पायऱ्यांवर उभे होते. माणसं त्यांच्यामधून गेली, होडी सरकली, शिपायानं पागोटं काढलं, बाई हसली, टोपली बाजूला झाली, दुसरी येऊन बसली. शंकू जागचे हलले नाहीत. मॅडमनी पुन्हा चालवायला लावला. मग तिसऱ्यांदा, स्वतः वाकून.

"गप्प बसला घाट," त्या म्हणाल्या. "सरांना सांगते, ही राहणार."

मी मान हलवली. आनंद झाला होता, पण तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं.

मॅडम लगेच गेल्या नाहीत. हाताची घडी घालून मॉनिटरकडे बघत राहिल्या. "आता हा पेंटवाल्यांकडे जाणार. ह्या पायरीवर तटाचा बुरूज येतोय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई पुसायची आहे. तूच बांधलेल्या कॅमेऱ्यावर पुसतील. सांगून ठेवते, नंतर नको वाटायला."

शॉट शेवटाला आला होता. दोघी एका कपातून पीत होत्या आणि दुसरी काहीतरी सांगत होती, हातवारे करून.

"पुसू देत," मी म्हणाले. "ती तिथं नाहीचये आता. ती चहाला गेली."

"कोण चाललंय चहाला?" भूषणनं हेडफोन खाली ओढले. "थांबा, मी पण येणार."

मॅडमनी शॉट पुढं पाठवला. मी खुर्ची मागं सरकवून उठले.